तबेल्यातला गायब ऐवज

तबेल्याच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध वहिनींचा तरणा घोडा, आणि त्याच्या मागच्या पायांपाशी महाराज. मांड्यांमध्ये बर्फाचं पाणी ओतत होते, तोंडाने मंत्रांची सरबत्ती चालू.

"ना सुरी, ना रक्त! विकाराचं मूळच विरघळवलं! बघा चाचपून!"

शेजाऱ्याने भीत भीत हात घातला. "खरंच की! दोन्ही वृषणं गायब!"

जयजयकार झाला. मीही चाचपलं. ऐवज नव्हता. एरवी देवालाही पुरावा मागायची माझी सवय; मी पुन्हा चाचपलं.

वहिनींच्या डोळ्यांत आनंदाश्रू. घोडी दिसली की हा उधळायचा, पाठीवरच्या शिकाऊ पोरांना पाडायचा. "खच्ची कर, नाहीतर विकून टाक," असं दादाने बजावलं होतं. पण आधीच्या घोड्याला एका वैदूने पाय बांधून तसंच कापलं होतं. ती किंकाळी वहिनी विसरल्या नव्हत्या. म्हणून तर महाराज!

तेवढ्यात मी बोलावलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या.

"आता काय कापणार, कपाळ?" गर्दी खिदळली.

"आधी नीट तपासू तर द्या," असं म्हणत बाईंनी घोड्याच्या मानेच्या शिरेत गुंगीचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने मान खाली झुकली, ओठ लोंबला. आणि मागे, सावकाश, आधी एक उतरलं, मग दुसरं.

"अगं बाई, परत आली!" आत्या किंचाळली.

"गेली होती कुठे?" बाई हसल्या. "गार पाण्याने स्नायू आखडतो, वृषणं वर ओढली जातात. तरण्या घोड्यात तर पार आत. गुंगीने स्नायू सैल पडला, आली खाली."

"अश्रद्धांमुळे मंत्र उलटला!" म्हणत महाराजांनी काढता पाय घेतला.

वहिनींचा चेहरा पडला. "म्हणजे कापावंच लागणार. गुंगीत दुखत नाही ना?"

"नुसत्या गुंगीत दुखतं. म्हणून तिथे बधिर करायचं वेगळं इंजेक्शन देते. नंतर काही दिवस दुखणं कमी करायचं औषध. तुम्ही त्याचं डोकं धरून उभ्या राहा."

वहिनींनी डोळे गच्च मिटले. कानांवर पडला तो फक्त घोड्याचा संथ श्वास.

"झालं," बाई म्हणाल्या.

"एवढंच?" वहिनी घोड्याच्या मानेला बिलगून हमसून रडल्या.

वहिनी मूर्ख नव्हत्या, मायेपोटी फसल्या. आपणही असेच फसतो. तेव्हा कुणी काही गायब करून दाखवलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: गेलं कुठे?