उतरायची रीत

"काका, खुर्चीत बसा ना. पाणी द्या रे काकांना," महेशराव म्हणाले, आणि गेणूआप्पांच्या अंगाचा तिळपापड झाला. एखादी शिवी हासडली असती तरी परवडलं असतं. पण ज्याच्या हुकमापायी पोरगा गेला, त्यानंच पाणी विचारावं?

आप्पांचा एकुलता एक साई वीज कंपनीत लाइनमन होता. दोन वर्षांपूर्वी चांदवडजवळ बंद लाइनवर काम करायला तो खांबावर चढला आणि उतरायच्या आत लाइन सुरू झाली. कंपनी म्हणाली, पोराचाच हलगर्जीपणा. अर्ध्या तासाच्या वर लाइन बंद ठेवायची नाही, मग खांबावर कुणी असो वा नसो, हा हुकूम कंपनीचे तेव्हाचे मुख्य साहेब महेशराव यांचा. पुढे साहेब निवडून आले, आमदार झाले. विजेच्या अपघातांची चौकशी करायला समिती नेमली गेली, तिचे अध्यक्षही तेच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! बरं, यात लपवाछपवी काही नव्हती. नाशकात समितीच्या सुनावणीला हॉलमध्ये बसलेल्या झाडून सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि सगळे निवांत चहा पीत होते.

साईचा जोडीदार नियाज साक्षीला उठला. "साहेब, मी खाली उभा होतो. साई अजून वर आहे, असं मी फोनवर ऑफिसला सांगितलं होतं. तरी…"

"नियाज, तू अजून कंपनीतच आहेस ना?" महेशरावांनी मायेनं विचारलं. "मग विचार करून बोल."

नियाज खाली बसला. त्याच्या घरी दोन लेकरं होती. आप्पांना त्याचा राग आला नाही. ते स्वतःच उभे राहिले.

"साहेब, आमच्या सायखेड्यात पंच पारावर बसतात. मी बी लय वर्षं बसलो. पण ज्या पंचाच्या घरचा तंटा, तो पारावरून उतरून खाली मातीत बसतो. तुमी उतरा."

आप्पा हे ऐकीव सांगत नव्हते. सख्ख्या भावाच्या बांधाचा तंटा आला तेव्हा ते उतरले होते, खालून चकार शब्द बोलले नव्हते. निकाल भावाच्या विरोधात गेला. मरेपर्यंत भावानं त्यांच्या दारात पाऊल टाकलं नाही.

महेशराव हसले. "काका, मी कंपनीचा राजीनामा केव्हाच दिलाय."

"मग आता कंपनी कोण बघतं?"

"मिसेस बघतात."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. महेशरावांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "सगळं कायद्यात बसतं, काका."

"बसत असंल. पण जनाची नाय तर मनाची तरी ठेवा!"

"तुमचं दुःख मी समजू शकतो. बसा आता."

आप्पा बसले, पण खुर्चीत नाही. टेबलासमोर फरशीवर मांडी घालून बसले. साईची बायको मैना उठली आणि पदर सावरत सासऱ्याशेजारी टेकली.

"अहो काका, वर बसा. बरं दिसत नाही."

"बरं दिसत नाय म्हणूनच बसलोय. तुमी उतरत नाय, मग कुणीतरी उतराया पायजे."

महेशरावांनी घसा साफ केला आणि निकाल वाचायला घेतला. कागदावरून त्यांची नजर एकदाही खाली फरशीकडे वळली नाही. 'मृताचा हलगर्जीपणा' हे शब्द आले तेव्हा नियाज खुर्चीतून उठला आणि सगळ्यांदेखत आप्पांजवळ येऊन बसला.

हॉल रिकामा झाल्यावर त्यानंच हात देऊन आप्पांना उठवलं. आप्पांनी तो हात सोडला नाही.

"नियाज, चढायच्या आधी त्यानं इचारलं हुतं ना, लाइन बंद हाय का म्हणून?"

"दोनदा विचारलं होतं, आप्पा."

आप्पांनी मैनाकडे पाहिलं. मग टोपी नीट केली आणि तिघं एसटी स्टँडकडे चालू लागले.