अर्धी गाठ

महाडला मी लॅब उघडली तेव्हा लोक रक्त द्यायला यायचे, गाठी घेऊन येणारे थोडेच. गाठ तपासायला पाठवली म्हणजे कॅन्सरच, असं पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमध्ये पक्कं ठरलेलं. त्यामुळे अठ्ठ्याण्णव साली भिकू बाटली घेऊन माझ्या दारात उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा आधीच सुतकी होता. त्याच्या बायकोच्या, चंद्राबाईच्या उजव्या हाताला कोपराखाली लिंबाएवढी गाठ होती. सर्जननी ती काढून बाटलीत घालून दिली होती, दोन गल्ल्या पलीकडे माझ्याकडे पोचवायला. हा गृहस्थ ती आधी घरी घेऊन गेला आणि दोन दिवसांनी उगवला. मी त्याला चांगलं झापलं. माझं आधी तोंड सुटतं, विचार मागून येतो.

गाठीच्या पातळ कापाची काच तयार झाली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि माझी बोलती बंद झाली. सगळा विरळ, पाणचट भाग, त्यात मधूनमधून पेशींची मोठी, काळपट, वेडीवाकडी केंद्रकं. नसेच्या आवरणाची साधी गाठ जुनी झाली की अशी केंद्रकं दिसतात. कॅन्सरमध्येही दिसतात. साध्या गाठीची खूण वेगळी. तिच्या दाट भागात केंद्रकं दोन रांगा धरून समोरासमोर बसतात आणि मध्ये मोकळी गुलाबी पट्टी राहते, पंगतीत वाढप्याला वाट सोडावी तशी. ती पंगत दिसली की मी बिनघोर सही करते. इथे ती कुठेच नव्हती.

मी सर्जनना फोन लावला. "कॅन्सर निघाला तर मुंबईला पाठवावं लागेल. तिथे बहुतेक हात कोपराच्या वरून काढतील," ते म्हणाले. "मी घरच्यांना तशी कल्पना दिली आहे."

"गाठ एका बाजूने सपाट कापलेली आहे. तुम्ही कापलीत का?"

"छे हो. फणसातून गरा निघावा तशी अख्खी निघाली."

भिकू रिपोर्ट न्यायला आला तेव्हा मी त्याला बसूही दिलं नाही. "उरलेली गाठ कुठे आहे?"

तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "घरी हाय, म्याडम. आयेनं ठेवून घेतली. म्हनली, अंगातला तुकडा परमुलखात नाय जायाचा, आपल्या बांधाला पुरायचा. तुमाला बी पायजे म्हनून अर्धी तुमाला, अर्धी आमाला."

"पुरली?" माझा आवाज चिरका झाला होता.

"नाय. भाऊ मुंबैला हाय. त्यो आल्याबिगर पुरता येत नाय. बाटलीतलं पानी थोडं वतून घेतलं, त्यात ठेवलीय."

ते पाणी म्हणजे फॉर्मॅलिन, त्यात गाठ नासत नाही. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं आणि एक लगावून द्यावीशीही वाटली. म्हटलं, "आत्ताच्या एसटीने जा आणि घेऊन या."

दुसऱ्या दिवशी त्याची आई, ठकूबाई, स्वतःच आली. पदराआड लोणच्याची बरणी. ती काही बरणी सोडेना.

"परत देशील?"

"तपासून उरेल तेवढं सगळं देईन, आजी. सुनेचा हात वाचायचा असेल तर सोडा आता."

तिने बरणी माझ्या हातात दिली आणि पदराला डोळे पुसले. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

दोन दिवसांनी त्या अर्ध्याची नवी काच लावली. पहिल्याच नजरेत दिसल्या. रांगेसमोर रांग, मध्ये गुलाबी वाट, मग पुन्हा रांगा. सगळ्या तुकड्यात पंगती बसल्या होत्या. दाट भाग सगळा त्या अर्ध्यात होता आणि माझ्याकडे आलेला अर्धा नुसता म्हातारा झालेला. माझा जीव भांड्यात पडला. मी लॅबमध्ये एकटीच मोठ्याने हसले.

संध्याकाळी भिकू चंद्राबाईला घेऊन आला. मी रिपोर्ट वाचून दाखवायच्या भानगडीत पडले नाही. "कॅन्सर नाही. साधी गाठ होती, गेली. हात कुठेही जात नाही," एवढंच म्हटलं. भिकू खाली बसून सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसू लागला. चंद्राबाईने नुसती मान हलवली. तिला कळलं की नाही, मला शंका आली.

मी चहा मागवला. तिने डाव्या हाताने कप उचलला.

"उजवा दुखतोय अजून?" मी विचारलं.

"नाय." ती ओशाळून हसली. "डाक्टर बोलले तवापासून डाव्यानंच करते. जेवते, येणी घालते, भाकरी बी थापते. वाकडी व्हते, पन व्हते. नंतर पोरांचं हाल नकोत."

भिकूने मान वर केली. त्याला हे ठाऊक नव्हतं, तोंडावरून कळतच होतं. "मला बोलली नाय गो," तो म्हणाला.

तिने कप उजव्या हातात घेतला. एक घोट घेतला, आणि मग ती रडायला लागली.