धनोड्याचा पूल

लखीराम राठोड दारात उभा दिसला तेव्हा उर्वशी खाटेवर पाय लांब करून बसली होती. त्याला पाहताच तिच्या मनात आलं, हा जबाबासाठीच आला.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात माहूरहून पुसदला येणारी त्यांची एसटी गुंजच्या अलीकडे रस्ता सोडून तुरीच्या वावरात उलटली होती. गाडी लखीराम चालवत होता, उर्वशी कंडक्टर होती. जीव कुणाचा गेला नाही, पण बऱ्याच जणांची हाडं मोडली. उर्वशीच्या मांडीचं हाड मोडलं आणि आत सळई बसवावी लागली. डोक्यालाही मार लागला होता, त्यामुळे त्या फेरीतलं तिला काहीच आठवत नव्हतं. माहूरच्या स्टँडवर डबल बेल मारली एवढं आठवे. त्यानंतर एकदम दवाखान्यातला पंखा.

चौकशीवाले साहेब दवाखान्यात येऊन गेले होते. लखीरामचं म्हणणं होतं की रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. प्रवाशांपैकी रोही कुणीच पाहिला नव्हता. दोघांतिघांनी तर ड्रायव्हर मोबाईलवर बोलत होता असंही सांगितलं. साहेब जाताना म्हणाले, "तुम्ही समोरच बसला होतात. आठवलं की कळवा. तुमच्या जबाबावर बरंच अवलंबून आहे."

आणि आता हा माणूस पिशवी घेऊन दारात उभा होता.

"जयभीम मथुराबाई," तो उर्वशीच्या आईला म्हणाला. "मॅडमची तब्येत पाहाले आलतो."

"या नं भाऊ, बसा. च्या ठेवतो," आई म्हणाली.

लखीरामच्या कपाळावर टाक्यांचा वण होता. नोकरीतून त्याला सध्या बाजूला ठेवलं होतं. पिशवीतून त्यानं सीताफळं काढली, मग जलरंगांची डबी, दोन ब्रश आणि जाड कागदांचं पॅड. "माह्या पोरीचं हाय. ते नर्सिंगले गेली नांदेडले. घरी पडून होतं. तुमी माहूरले गाडी थांबली का तिकिटाच्या कागदावर पेनानं काहीबाही काढत राहत होत्या नं, म्हणून म्हटलं…"

"कायले आणलं भाऊ?" उर्वशीनं विचारलं. तिचा आवाज तिलाच कोरडा वाटला.

"टाइमपास होते तेवढाच," तो म्हणाला आणि चहा बशीत ओतून, मान खाली घालून प्यायला.

तो गेल्यावर तिनं डबी उघडली. रंगांच्या वड्यांना बोटही लागलेलं नव्हतं. ब्रशचे केस खळीनं ताठ होते, डबीच्या मागं दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. पोरीचं जुनं सामान म्हणे! नोकरी टांगणीला लागलेला माणूस नवी डबी विकत आणतो, आणि खोटं सांगून देतो. तिनं ती खाटेखाली सरकवली.

दवाखान्यातून आल्यापासून उर्वशी घराबाहेर पडली नव्हती. रस्त्याकडची खिडकी ती बंद ठेवायची, कारण जड गाडीचा हॉर्न ऐकला की तळहाताला घाम सुटे. डॉक्टर चाला म्हणत, आई चाल म्हणे. ती भिंतीकडं तोंड करून पडे. पंधरा वर्षं रोज जिल्हाभर फिरलेली बाई एका खोलीत मावली होती, आणि यापुढं असंच राहायचं हे तिनं मनातल्या मनात ठरवूनही टाकलं होतं.

एका दुपारी आई वस्तीत कुणाकडं गेली होती. उर्वशीनं पाण्याची वाटी घेतली आणि डबी बाहेर ओढली. काय काढावं ते सुचेना, म्हणून तिनं नोकरीच्या पहिल्या वर्षातली मुकुटबनची मुक्कामी गाडी काढली. तेव्हा ती वणी डेपोला होती. पहाटे गाडीच्या काचेवर दव असायचं, आणि समोरून कापूस वेचायला निघालेल्या बाया डोक्याला फडकी बांधून यायच्या. रंग एकमेकांत मिसळून सगळा चिखल झाला. तिनं दुसरा कागद घेतला. मोबाईलवर पाहून तिला कळलं की पहिला रंग वाळू द्यायचा असतो, आणि पांढरं हवं असेल तर तिथला कागद कोराच सोडायचा असतो. तिसऱ्या कागदावर बायांची फडकी पांढरी राहिली. त्यातली एक रोज सुट्ट्या पैशांवरून भांडायची. तिची कंबरेवर हात ठेवायची लकब ब्रशच्या एका फटकाऱ्यात आली, आणि उर्वशी मोठ्यानं हसली.

आई दारात उभी होती. "काहून हासून राह्यली वं?"

"हे पाय नं. हे सुखीबाई. मुकुटबनची."

आईनं चित्र पाहिलं नाही, तिच्या तोंडाकडंच पाहिलं, आणि पदरानं डोळे पुसत आत गेली.

मग रोज दुपारी एक चित्र होऊ लागलं. राळेगावच्या स्टँडबाहेर सायकलींची रांग. कळंबच्या पुढं पाऊस एका बाजूला आणि ऊन दुसऱ्या बाजूला. उमरखेडच्या फेरीत बकरीचं पिल्लू पोटाशी धरून बसलेला म्हातारा. चित्र काढताना तिला त्या त्या जागेचा वास यायचा. एके दिवशी उजेड कमी पडतो म्हणून तिनं रस्त्याकडची खिडकी उघडली, आणि ती उघडीच राहिली.

लखीराम मात्र येतच राहिला. पुसदच्या बाजारासाठी तांड्यावरून आला की तासभर बसे. दरवेळी चित्रं मागून घेई आणि एकेक नीट पाही. पहिल्या वेळी उर्वशीला थोडं बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की मुकुटबन, राळेगाव तो भराभर उलटतो आणि पुसद-माहूर रस्त्याचं काही आलं की थांबतो.

"हे माहूरचा स्टँड. याच्या पुढचं नाई काढलं?"

"नाई."

"काढा नं. धनोडा काढा. गुंजचा रस्ता काढा."

"कायले?"

त्यानं खांदे उडवले. "असंच."

त्याच आठवड्यात डेपोतली रुपाली भेटायला आली. दोघी एकाच वेळी नोकरीला लागलेल्या. रुपालीनं आवाज खाली आणला. "लखीराम येते म्हणे तुह्याकडं? जपून राय बाप्पा. फोनवर होता तो, सारा डेपो म्हणून राह्यला. तुले किती आठवते हेच पाहाले येत असन."

उर्वशीच्याही मनात हेच होतं. आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते पक्कं झालं. तिनं माहूर रस्त्याची चित्रं गादीखाली ठेवली. तो आला की ती त्याला निरखून पाही. चहा पिताना तो मान खालीच ठेवी. गुन्हा केलेला माणूसच अशी मान खाली घालतो, असं तिला वाटे. आई त्याला पोहे करून वाढायची तेही तिला खटकू लागलं.

शेवटी तिनं ठरवलं की यालाच पारखायचं. तिनं एक चित्र काढलं. कंडक्टरच्या जागेवरून दिसतं तसं ड्रायव्हरचं केबिन, समोरच्या काचेत गुंजकडचा रस्ता, स्टिअरिंगवर लखीरामचा एक हात आणि दुसऱ्या हातात कानाला लावलेला मोबाईल. यातलं तिला काहीही आठवत नव्हतं. त्याचा चेहरा काय सांगतो तेवढंच तिला पाहायचं होतं.

तो आला, बसला. तिनं कागद त्याच्या मांडीवर ठेवला. "हे घ्या. गुंजचा रस्ता."

लखीरामनं चित्र डोळ्यांजवळ नेलं. उर्वशी त्याच्या चेहऱ्याकडं पाहत होती. तो चिडेल, उठून जाईल, नाहीतर हात जोडेल, अशी तिची अटकळ होती. त्यातलं काहीच झालं नाही. मग त्यानं मान वर केली.

"असं झालतं का मॅडम?"

"म्हंजे?"

"मी फोनवर होतो? तुमी पाह्यलं?" त्याच्या आवाजात भीती नव्हती. तहानलेल्या माणसानं पाणी कुठं आहे विचारावं तसं तो विचारत होता. "खरं सांगा. असंच असन तर मी उद्याच साहेबाले सांगतो. नोकरी गेली तं गेली. पन मले कळू तं द्या."

"तुमीच सांगतलं नं रोही आला म्हणून?"

"वावरात पडलो होतो. जो तो इचारे, काय आडवं आलं, काय आडवं आलं? तोंडातून निंगालं, रोही." त्यानं चित्र हळूच खाटेवर ठेवलं. "मले काईच आठवत नाई. तुमी चित्रं काढून राह्यल्या, तं वाटे एखांद्या दिवशी त्यात निंगन काय झालतं ते. म्हणून येत होतो."

उर्वशीला आपल्याच चित्राकडं पाहवेना. "भाऊ, हे खोटं हाय," ती म्हणाली. "मी मनानंच काढलं. तुमी काय करता ते पाहाले."

लखीराम उठला. मग म्हणाला, "तुमच्या जागी मी असतो तं मीबी हेच केलं असतं." पोह्यांना हात न लावता तो निघून गेला.

तरी संशय एका दिवसात कसा जाणार? फसवायचंच असेल तर माणूस असंही बोलू शकतो, असं ती रात्री स्वतःला सांगत राहिली. पण दुसऱ्या दिवशी तिनं कागद भिजवला आणि ठरवून धनोड्याचा पूल काढायला घेतला. पैनगंगेचं पाणी तिनं आधी निळं केलं. ते पटेना. त्या दिवसांत नदी गढूळ होती, संध्याकाळ व्हायला आली होती, पाण्यावर तांबूस उजेड होता. तिनं निळ्यावर गेरूचा पातळ हात फिरवला. कठड्याच्या सावल्या काढल्या. एकेक सावली काढताना गाडी पुलावरून जातानाची धडधड तिला पायात जाणवू लागली. पूल संपला, पलीकडचा बाभळीचा बांध आला, आणि ब्रश हातातच राहिला.

लखीराम काहीतरी बोलला होता. आरशात न पाहता, समोर पाहत, जड जिभेनं त्यानं विचारलं होतं, "मॅडम, पूल गेला का?"

पूल तर नुकताच ओलांडला होता. "गेला नं भाऊ, आत्ताच तं गेला," ती म्हणाली होती. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. हातात फोन नव्हता. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

चित्र ओलं असतानाच तिनं लखीरामला फोन लावला. "भाऊ, या. आजच या."

तो आल्यावर तिनं आठवलं तसं सगळं सांगितलं. ऐकताना त्याचा चेहरा उतरत गेला.

"दारू पेले होते का तुमी?" तिनं सरळ विचारलं. एवढी शंका अजून बाकी होती.

"नाई वं माय. कधीच नाई." त्यानं कपाळावरचा वण चोळला. "मले शुगर हाय मॅडम. डेपोत सांगतलं नाई, गाडी काढून घेतली असती हातातून. त्या दिवशी सकाळी गोळी घेतली. माहूरले गाडीले उशीर झालता, जेवलोच नाई."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आन आता कोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाई."

"मंग आता सांगा. पयले डाक्टरले," उर्वशी म्हणाली. "मी बी येतो संगं."

डॉक्टरांकडं जायचं तर रिक्षानं जावं लागणार होतं. दवाखान्यातून घरी आल्यानंतर उर्वशी पहिल्यांदाच गाडीत बसली, कुबडी मांडीवर आडवी धरून, डोळे मिटून. वाटेत तिनं ते उघडले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, तपासण्या केल्या. ते म्हणाले की गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली येते, माणूस जागा दिसतो पण त्याला भान नसतं, आणि नंतर काही आठवत नाही. त्या दिवशी नेमकं हेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण लक्षणं तीच आहेत.

दोघांनी आपापला जबाब दिला. उर्वशीनं आठवलं तेवढंच सांगितलं, जे आठवलं नाही ते आठवत नाही असं सांगितलं. लखीरामनं रोही मागं घेतला आणि आजार लपवल्याचं कबूल केलं. त्याला त्याची शिक्षा झाली. नोकरी राहिली, पण स्टिअरिंग कायमचं गेलं. आता तो वर्कशॉपमध्ये टायरचं काम पाहतो. पहिल्या दिवशी उर्वशी त्याला तिथं भेटायला गेली तेव्हा तिनं डबीचं विचारलंच.

"पोरीचं नव्हतं नं ते?"

"नव्हतं," तो टायरवर वाकूनच म्हणाला. "मी आणलं म्हटलं असतं तं तुमी घेतलं असतं का?"

ती खोटं बोलली नाही. "नसतं घेतलं."

होळीच्या सुमारास उर्वशी कामावर रुजू झाली. उमरखेडची फेरी मिळाली. पायरी चढताना मांडीतली सळई ठणकली, आणि ड्रायव्हरनं पहिला हॉर्न दिला तेव्हा तळहात ओले झाले. तिनं दांडी घट्ट धरली, बेल मारली आणि तिकिटं फाडायला मागं वळली. गाव सुटल्यावर दोन्हीकडं वावरात हळद शिजत होती. मोठमोठ्या कढयांखाली जाळ होता. वाफ उठून रस्त्यावर येत होती, आणि गाडी त्यातून जाताना सगळ्या खिडक्या क्षणभर पांढऱ्या होत होत्या. एक बाई सुट्टे नाहीत म्हणून कुरकुरत होती. उर्वशी तिच्या डोक्यावरून बाहेर पाहत होती. वाफेपुरता कागद कोरा ठेवायचा, खाली पातळ पिवळा, आणि जाळाला अगदी शेवटी एक थेंब लाल, असं तिचं मनात चाललं होतं.

"अवं बाई, तिकीट द्या नं," ती बाई म्हणाली.

"देतो माय, देतो," उर्वशी म्हणाली.