रबराचा भाऊ

पुतळा बोटीतून उतरवताच, आपल्या गावी प्रथमोपचार शिकवायला आलेल्या उनाइसीच्या तोंडून एक वाक्य निसटलं आणि तिथेच दिवसाचा विचका झाला.

बंद पडलेलं हृदय छाती दाबून कसं चालू ठेवायचं, हे शिकवायचा तो रबरी पुतळा होता. कमरेपर्यंतच, पाय नसलेला. किनाऱ्यावर इनोके आजोबा बसले होते. आलेला पाहुणा कुणाचा कोण हे त्यांना कळल्याशिवाय गावात पाऊल टाकता येत नसे. उनाइसीने रिवाजाप्रमाणे नजराणा म्हणून पुढे ठेवलेल्या, पेय करायच्या यांगोनाच्या मुळ्या त्यांनी स्वीकारल्या, मान्यतेच्या टाळ्या वाजवल्या आणि तिच्या काखेकडे बोट केलं.

"हा कुणाचा?"

"माझा भाऊच समजा, आजोबा," ती घाईत म्हणाली. बोट चार वाजता सुटणार होती.

"बरं," आजोबा म्हणाले. झालं!

वर्गातल्या दहांपैकी आठ जणी परीक्षेत उतरल्या तरच औषधांची पेटी गावात ठेवायची, असा राजधानी सुवातल्या संस्थेचा नियम होता. मागच्या वर्षी उनाइसीची आई दवाखान्याच्या वाटेवर बोटीतच गेली. पेटी तिला इथे काहीही करून हवी होती.

सभाघरात चटईवर पुतळा निजवून तिने ताराइविनीला पुढे बोलावलं. "आधी खांदे हलव आणि मोठ्याने हाक मार."

ताराइविनी जागची हलली नाही. "ताई, असं कसं? तुझा भाऊ म्हणजे माझा चुलतभाऊ. भावाशी बोलायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही, हे तुला मी सांगायचं?"

"अगं, रबर आहे ते!"

"मग आजोबांसमोर भाऊ कशाला म्हणालीस?"

दहांतल्या सहा जणी उनाइसीच्या चुलतबहिणी. सहाही जणींनी पुतळ्याकडे पाठ केली. उनाइसी तर सख्खी बहीण ठरलेली. आजोबा दारातच बसले होते, तेव्हा तिने छाती दाबून दाखवली ती उशीची.

उरल्या चार वहिन्या. दिराची थट्टा हा त्यांचा हक्कच, आणि तो त्यांनी पुरेपूर वसूल केला.

"ऊठ रे आळशा!" केलेरा वहिनीने खांदे गदागदा हलवले. "सुवाहून आलास तो हात हलवत, आणि पाय काय घरी विसरलास?"

"पाच सेंटिमीटर खोल, वहिनी. मिनिटाला शंभर ते एकशेवीस."

"बायको केली असतीस तर तिनेच दाबलं असतं रे एवढं!" शिव्या आणि आकडे एकाच तालात चालले होते. पुरेसं खोल दाबलं की वाजणारी छातीतली पट्टी दर वेळी टक् करत होती. चौघीही उतरल्या.

तीन वाजले. अजून चार हव्या होत्या.

उनाइसी आजोबांपुढे बसली. "चुकले, आजोबा. तो माझा भाऊ नाही."

"दिलेलं नातं परत घेता येत नाही," आजोबा म्हणाले. "दत्तक मात्र देता येतो."

गावाच्या दुसऱ्या टोकाला इलाइतियामामाचं कूळ होतं; गावच्या रीतीने तो उनाइसीसकट सगळ्याच चुलतबहिणींचा मामा. त्याच्याकडे गेला तर पुतळा सगळ्याच बहिणींचा मामेभाऊ, आणि मामेभावाला तोंडाला येईल ते बोलायला, हात लावायलाही मोकळीक. मामाला अळूच्या मळ्यातून बोलावून आणलं. त्याने पुतळा उलटासुलटा करून पाहिला.

"खातो किती?"

"काहीच नाही, मामा."

"मग घेतो." पुन्हा मुळ्या आल्या, पुन्हा टाळ्या वाजल्या.

ताराइविनी पुतळ्यावर झेपावलीच. "काय रे टकल्या! तुझ्यापायी सकाळपासून भिंत बघत बसलेय मी! घे श्वास, घे म्हणते ना!" तिने त्याचं डोकं मागे केलं, हनुवटी उचलली, तोंडात हवा फुंकली. छाती फुगली. पावणेचारपर्यंत सहाही जणी उतरल्या.

पेटी सभाघरात ठेवून उनाइसीने पुतळ्याला हात घातला, तर मामी आडवी आली. "आज घरात आलेलं पोर आजच नेतेस? चटई टाकलीय मी त्याला."

"मामी, उद्या पुढच्या गावात लागणार आहे तो."

"तिथे त्याचं कोण आहे?"

उनाइसीने आजोबांकडे पाहिलं. ते समुद्राकडे पाहत होते. तिने सरळ विचार केला: पुतळा परत नेऊन दत्तकविधान मोडलं की सहा जणींनी भावाला हात लावला असं ठरणार. मग त्यांची परीक्षा गेली, आणि परीक्षेबरोबर पेटीही. तिने हात काढून घेतला.

बोटीत बसल्यावर तिने संस्थेचा कागद काढला. "साहित्य परत न आणण्याचे कारण" या रकान्यावर तिने पेन टेकवलं. मग तिने लिहिलं: मामाकडे राहिला.