उंबर ते खडक

"ही काकी रोज मधी येती. म्हशीगत पसरून राहती पाण्यात."

"हळू बोल रं, ऐकंल."

"ऐकू दे. स्पर्धा तिची हाय का आमची?"

ऐकत तर ती होतीच. धुण्याच्या खडकाच्या एका बाजूला पोरं काथ्याचा दोर ताणत होती, आणि दुसऱ्या बाजूला, हातभर अंतरावर, गौराबाई लुगड्याचा काष्टा खोचत उभी होती. दोन पोरांतला एक अब्बास, दुसरा नामा. नामा तिचा पुतण्या, सख्ख्या दिराचा मुलगा. म्हैस म्हणणारा तोच.

तिने काष्टा जरा जास्तच घट्ट खोचला आणि पाण्यात शिरली.

पाताळगंगेच्या या डोहात ती लग्न होऊन आली त्या वर्षापासून उतरत होती. घरात अकरा माणसं. त्यातल्या दहा जणांना ती दिवसभर काही ना काही कामाला लागायची. पाण्यात ती कुणालाच लागायची नाही. खडकापासून सावकाश वर जायचं, उंबराच्या मुळीला हात लावायचा, मग पाठीवर पडून, कान बुडवून, वाहत परत खडकाशी यायचं. एवढंच तिचं पोहणं. त्यात कुणी पहिलं आलं नाही की शेवटचं.

शहात्तर साली वरच्या आळीतल्या कोंडाजीने गावात जलतरण मंडळ काढलं. कोंडाजी रसायनीला कारखान्यात जायचा. तिथून तो शिट्टी घेऊन आला, 'शिस्त' हा शब्द घेऊन आला, आणि ग्रामपंचायतीकडून ठराव करून घेतला की सकाळी सहा ते आठ डोह मंडळाचा; वहीत नाव असेल त्यानेच उतरायचं. ठीक आहे. गौराबाई देवळात गेली आणि वहीत नाव घालून आली. चौथीपर्यंत शिकली होती, अक्षर मोठं होतं, ओळीत मावायचं नाही.

ती वही मारुतीच्या देवळात खिळ्याला टांगलेली असायची, पेन्सिल दोरीला बांधून. रोज प्रत्येकाने लिहायचं: तारीख, अंतर, वेळ. गौराबाईने पहिल्या दिवशी लिहिलं, 'खडक ते उंबर. घड्याळ लावलं नाही. पाणी गार. खंड्याने मासा धरला.'

दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'खंड्याची वेळ किती?'

ती हसली. चांगली थट्टा होती. पण पुढे रोज काही ना काही यायला लागलं. 'काकी, हात कोपरातून वाकवा.' 'वही पोहणाऱ्यांची आहे, डुंबणाऱ्यांची नाही.' 'हौशींनी दुपारी यावे.' तोंडावर "काकी, भाकऱ्या झाल्या का" विचारणारी हीच पोरं. वहीत मात्र कुणालाच नाव नव्हतं आणि म्हणून कुणालाच लाज नव्हती. अक्षरं तर तिला ओळखू येत होती. 'डुंबणाऱ्यांची' हे अक्षर तिरकं होतं, ओळ सोडून वर चढणारं. पाच वर्षांच्या नामाच्या पाठीला सुका भोपळा बांधून याच पाण्यात ढकलणारे हात तिचे होते. तो भोपळा तिने अजून माळ्यावर ठेवला होता. त्या दिवशी घरी जाऊन फेकून द्यावासा वाटला. दिला नाही, हाच तिचा मूर्खपणा.

मग नामा पुण्याला स्पर्धेला गेला. इथे उंबर ते खडक, पन्नास मीटर, एकोणतीस सेकंद करणारा नामा तिथल्या तलावात अडतीस सेकंदांनी शेवटचा आला. गावात कारणं तयार झाली. टाकीतलं पाणी मेलेलं असतं. त्यात औषध घालतात. अब्बासचं घड्याळ, त्याच्या वडिलांनी बोटीवरून आणलेलं, ते खोटं चालतं. अब्बास बिचारा महिनाभर खाली मान घालून हिंडला.

खरं कारण गौराबाईला त्याच दिवशी कळलं होतं. धुणं धुणाऱ्या कुठल्याही बाईला कळलं असतं. वरच्या वीजघराचं पाणी सकाळी सुटतं आणि साडेसहाला खडकाची तिसरी पायरी बुडते. पोरं नेमकी तेव्हा उतरायची, उंबरावरून सूर मारायची, खडकाला हात लावायची आणि काठाने चालत परत जायची. वर पोहत एकजणही गेला नव्हता. ती गप्प बसली, कारण नामाचं तोंड एवढंसं झालं होतं.

आणि त्याच आठवड्यात वहीत नवा नियम आला. 'एक मिनिटाच्या आत पन्नास मीटर न करणाऱ्याचे नाव कमी होईल. चाचणी रविवारी सकाळी सात.'

सगळी पोरं मिनिटाच्या आतलीच. नियम कुणासाठी होता ते सांगायची गरज नव्हती.

रविवारी काठावर निम्मं गाव. कोंडाजी म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. मंडळ म्हटलं की शिस्त आली."

"राग मानू नको तर काय ओवाळू तुमाला?" ती म्हणाली आणि उंबराकडे चालू लागली.

शिट्टी झाली. तिने सूर बीर मारला नाही. मुळीवरून पाण्यात बसली आणि निघाली, नेहमीसारखे लांब, आळशी हात मारत. उलट रागाने छातीत इतकं दाटलं होतं की मधे दोनदा ती पोहायचंच विसरली. खडक आपोआप समोर आला.

अब्बासने घड्याळ पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. "सेहेचाळीस."

टाळ्या झाल्या. कोंडाजीचा चेहरा उजळला. "वा वहिनी! पास! बघा, मंडळाचं वळण लागलं की नाही!"

त्या टाळ्यांनी तिचं डोकं फिरलं. दोन वर्षं हिणवलं ते परवडलं, पण हे?

"वळण?" ती कंबरभर पाण्यात उभी राहून ओरडली. "सव्वीस वर्सं पाण्यात हाय मी! लुगडं नेसून, चाळिशी उलटलेली बाई, हात हलवले नाय धड, आन् सेहेचाळीस? तुमाला कुणालाच काय वाटत नाय?"

सगळे दोराकडे बघत होते.

"नामा, उतर."

"काकी, माझी चाचणी तर झाली..."

"उतर म्हणते ना! हितनं. खडकावरनं उंबराला. मी रोज जाते तसा. जा, म्हशीच्या वाटंनं जाऊन दाखव."

नामाच्या कानशिलांना रंग चढला. म्हणजे त्या दिवशी ऐकलं होतं तिने. तो मुकाट्याने उतरला. शिट्टी कोंडाजीने वाजवलीच नाही, अब्बासने हात खाली केला. नामा जोरात गेला, फार जोरात. पाणी दोन्ही बाजूंनी उसळत होतं आणि पोरगं जागच्या जागी राबल्यासारखं दिसत होतं. मधल्या धारेत तर तो हातभर मागेच आला. गौराबाईचा जीव कळवळला. 'कडेनं जा रं, कडेला पाणी सैल असतं,' हे तिच्या ओठांवर आलं. तिने दात आवळले.

त्याने मुळी धरली. अब्बास आणि कोंडाजी काठाने धावत उंबराखाली आले होते. "चौपन्न," अब्बास हळू म्हणाला आणि बगलेतली वही उघडली.

"हे लिहू नकोस," कोंडाजी घाईने म्हणाला. "ही काय चाचणी नाही. वहीत उलटं अंतर धरत नाहीत. पुढच्या महिन्यात स्पर्धेसाठी निवड आहे, उगीच पोराचं..."

"लिही, अब्बास," नामा म्हणाला. त्याला धाप लागली होती. मुळी त्याने सोडली नव्हती. सोडली असती तर पाण्याने त्याला खाली नेलं असतं. त्याने कोंडाजीकडे पाहिलं नाही. खडकाजवळ उभ्या काकीकडे पाहिलं.

"घड्याळ खरं हाय तुझं. लिही. आमी पवत नव्हतोच. दोन वर्सं आमी नुसते वाहत जात होतो."