नानायच्या खुर्चीमागचे स्पीकर

माझी आई, आमची नानाय, दोन वर्षं गायली नव्हती. आमच्या सान पाब्लो गावात एखाद्या बाईने जेवण सोडलं तर शेजारीण एकदा विचारून गप्प बसेल, पण गाणं सोडलं तर अख्खी गल्ली चौकशीला येते. कोणीही विचारलं की नानाय एकच सांगायची, "घसा बसलाय." आणि पानसितच्या शेवयांचं पातेलं घेऊन सगळ्यांना वाढायला निघून जायची.

रविवारी तिचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या दिवशी तिच्या हातात कराओकेचा माइक द्यायचाच, असा मी चंग बांधला होता. आज गायली नाही तर ती कधीच गाणार नाही. मी तिची मुलगी आहे, मला तिचा हट्ट माहीत आहे.

घशाबिशाचं काही खरं नव्हतं. नानायची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी असते, कारण कढया नजरेआड झाल्या की तिचा जीव वरखाली होतो. टीव्ही आणि स्पीकर अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, मध्ये चाळीस बडबडी माणसं. त्यात तिचा डावा कान कधीच गेलेला. संगीत नीट पोचत नाही, मग ओळ मागे पडते आणि लोक हसतात. आम्हीही हसलो होतो. उपाय सोपा होता, तिच्या खुर्चीमागे आणखी दोन स्पीकर. वीस वर्षं मी बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवते. दोन स्पीकर लावणं म्हणजे माझ्या हातचा मळ.

पण माझ्याआधी तिथे कुया एफ्रेन पोचला. हा माझा थोरला भाऊ, कुया म्हणजे दादा. जहाजाच्या इंजिनावर काम करतो, म्हणून जगातलं प्रत्येक यंत्र त्याला विचारून बनवलेलं असतं. त्याने नव्या स्पीकरच्या वायरी जुन्या स्पीकरच्याच वायरींबरोबर पिळून, स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या रिसीव्हरला लावून टाकल्या होत्या. आवाज जरा वाढवला की रिसीव्हर टक् करून बंद.

"मारिविक, तुझा रिसीव्हर फार लाजाळू आहे गं. जरा मोठ्याने बोललं की गप्प बसतो."

"लाजाळू नाही, शहाणा आहे. एकच बैल दोन गाड्यांना जुंपलास तू. जळून जाण्यापेक्षा बंद पडलेलं बरं, एवढी अक्कल त्याला तरी आहे."

"जहाजावर आम्ही..."

"जहाज राहू दे समुद्रात. आधी त्या वायरी काढ."

मी दुकानातून एक जुना अँप्लिफायर आणला होता. जपानात वापरून झालेला माल आमच्याकडे कंटेनर भरभरून येतो, त्यातलाच. रिसीव्हरच्या मागे छोटी गोल भोकं असतात, तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. तिथून दुसऱ्या अँप्लिफायरला नुसता सिग्नल जातो. म्हणजे रिसीव्हरने निरोप सांगायचा आणि ओझं दुसऱ्याने उचलायचं. मी वायर जोडली, नवे स्पीकर त्या अँप्लिफायरला दिले, आणि कमरेवर हात ठेवून एफ्रेनचा वर्ग घेतला.

"आणि ऐकून ठेव. जपानी माल शंभर व्होल्टवर चालतो, आपली भिंत देते दोनशेवीस. मध्ये ट्रान्सफॉर्मर लावायलाच लागतो. माझ्या दुकानात लाल अक्षरांत पाटी आहे, 'थेट भिंतीत लावून जाळलात तर रडत येऊ नका.' तरी आठवड्याला एक गाढव येतंच."

हे बोलता बोलता मी प्लग थेट भिंतीत खुपसला.

फट्! आणि जळका वास. ट्रान्सफॉर्मर माझ्या पायाशी पिशवीत होता.

लोका सांगे ब्रह्मज्ञान! एफ्रेन पिशवीत डोकावला. मग म्हणाला, "पाटीवर अजून एक ओळ घाल. 'मालकीण स्वतः जाळून दाखवेल.'"

मी हसायला हवं होतं, पण माझे डोळेच भरून आले. पाहुणे तासाभरात येणार होते. ते बघून त्याने चेष्टा सोडली आणि मांडी घालून बसला.

"रडू नकोस, वेडे. मी टॉर्च धरतो, तू उघड."

उघडला. नशीब बलवत्तर, नुसता फ्यूज उडाला होता. तसला फ्यूज माझ्या पत्र्याच्या डबीत होता. या वेळी प्लग एफ्रेनने लावला, ट्रान्सफॉर्मरमध्ये, आणि मला दोनदा बघायला लावून.

जेवणं झाली. पानसित संपलं, भाजलेल्या डुकराची नुसती हाडं उरली. तीनच्या सुमाराला गाणी सुरू झाली. पहिला माइक अर्थात एफ्रेनचा. तो किंचाळत असताना नानाय पळी हातात घेऊनच खुर्चीत येऊन टेकली. दचकून तिने मागे बघितलं. मग ताठ बसली. पळी गुडघ्यावर ताल धरायला लागली.

मी माइक तिच्या हातात दिला.

"अगं, घसा..."

"एक ओळ म्हण. नाही जमलं तर दे परत."

तिने जुनं प्रेमगीत निवडलं आणि पहिल्या शब्दाला बरोब्बर तालावर आली. आवाज थोडा कापत होता, पण ओळ एकही मागे पडली नाही. अंगण चिडीचूप झालं. कराओकेच्या यंत्राने तिला अठ्ठ्याण्णव गुण दिले. एफ्रेनला एक्क्याण्णव होते.

टाळ्या थांबल्यावर तिने मागच्या स्पीकरवर हात ठेवला.

"एवढा आवाज असतो होय याला?"

"तुझ्यापर्यंत पोचत नव्हता, नानाय."

"असं होतं होय! मला वाटायचं, माझी पाळी आली की तुम्ही मुद्दाम बारीक करता. म्हातारी लवकर आटोपावी म्हणून."

हे तिने हसत सांगितलं. दोन वर्षं ती हे मनात धरून होती, आणि दोन वर्षं आम्हाला पोटभर वाढत होती. एफ्रेनने मान खाली घातली. मला तर तोंड लपवायला जागा सापडेना, म्हणून मी तिच्याच खांद्यात लपवलं.

"असं कोण करेल गं, नानाय?"

"कळलं आता," तिने माझ्या पाठीवर थोपटलं. तेवढ्यात एफ्रेनने माइकसाठी हात पुढे केला. तिने त्यावर पळीचा फटका दिला.

"बस खाली. माझं अजून व्हायचंय."