हरणारानं बांगड्या भरायच्या

"पोरगी परत येत न्हाय," पंक्चरवाला बब्रुवान बोलला, अन् उमरग्याच्या हायवेवर पैज लागली.

शेजारच्या गॅरेजातला मच्छिंद्र ट्रकखालनंच वरडला, "येती! कोर्स संपला की येती. लाव काय लावतो!"

"हरणारानं भर बाजारात बांगड्या भरायच्या. हिरव्यागार, कोपरापर्यंत."

"मंजूर!"

मच्छिंद्रची चैताली कॅनडाला गेली होती. तिकडं जाऊन लोकांची पोरं डॉक्टर-इंजिनेर होतात. ही शिकाय गेली ट्रक दुरुस्ती! कम्युनिटी कॉलेज म्हणं. "बापाच्या गॅरेजात ट्रक कमी पडले व्हय?" म्हणून बब्रुवान ठसका लागंपर्यंत हसायचा. मच्छिंद्रनं मातर पोरीसाठी शेड वाढवली, वर नवा पत्रा घातला. तिथं कुणी ट्रक लावला की त्याच्यावर वसकन जायचा.

कोर्स संपला. पोरीचं "बघू बाबा" काही संपंना. मच्छिंद्रचं जेवण निम्म्यावर आलं. बब्रुवानला वाटलं, पैज गेली खड्ड्यात, पोरगी आणाय पाहिजे. अन् त्याला मार्ग एकच ठाऊक, थाप मारायची.

"माज्याजवळ बस, आवाज काढू नगं," त्यानं मच्छिंद्रला बजावलं अन् फोन स्पीकरवर टाकला. "चैताली, बापाची कंबर गेली गं! हातरुणावरनं उठंना."

"जय भीम, काका," पोरगी हसली. "आत्ताच आई सांगत होती, बाबा ट्रकवर चढून ड्रायवरशी भांडायलेत म्हणून."

मच्छिंद्रनं खांद्यात तोंड खुपसून हसू दाबलं.

"मग तशीच ये की भवाने! काय ठिवलंय तिकडं?"

"फी कमी, शिकता शिकता काम, पुढं नोकरी. सगळी त्याच्यासाठीच येत्यात, म्या बी आले. पण काका, पहिल्याच दिवशी मास्तरनं हातात पाना दिला, म्हणला, घूस गाडीखाली. आपल्या गॅरेजातल्यावानी कुणी बघाय जमलं न्हाय, कुणी शूटिंग काढली न्हाय. बाबा गिऱ्हाईक आलं की माज्या हातातला पाना काढून घ्यायचे. जा, चहा सांगून ये म्हणायचे. मला इथं काम लागलंय, काका. म्या न्हाय येत. बाबांना कसं सांगू, तेवढं सुचंना. तुमी सांगता का?"

उभ्या जन्मात पहिल्यांदाच बब्रुवानला थाप सुचंना. "सांगतो," म्हणला अन् फोन ठिवला.

मच्छिंद्र हाताचं ऑइल पुसत उठला. "चल बाजारात."

"मच्छ्या, म्या पैज सोडली. गंमत होती रं."

"म्या न्हाय सोडली."

कासारीण मल्लम्मा आधी पोटभर हसली, मग त्याचं तोंड बघून काकणं काढाय लागली. त्या जाड पंजातनं काकणं सरकंनात. दोन-चार फुटली, रक्त आलं, तरी त्यानं हात मागं घेतला न्हाय. अर्धा बाजार शिट्ट्या मारत त्याच्या मागं गॅरेजापर्यंत आला. तिथं एक ड्रायवर ट्रक लावून थांबलेला.

"मिस्तरी कुठाय, वहिनी?" त्यानं विचारलं. लोक खो-खो हसले, फोन काढून उभे राहिले.

मच्छिंद्रनं पाना उचलला अन् सगळ्यांदेखत गाडीखाली शिरला. काकणं लोखंडावर वाजायला लागली.

"शूटिंग काढा," खालनं आवाज आला, "पोटभर काढा."

बब्रुवाननं लोकांना हाकलायला हात उचलला, अन् तसाच खाली घेतला.